नव्वद किलोमीटरांना नावं ठेवणाऱ्यांना

साताऱ्याचा किंवा सांगलीचा कुणी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन पुरी करून घरी आला की गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागतो, हारतुरे होतात आणि दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, "मग, कितवा नंबर आला?" खरा आकडा सांगितला की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. हजारांच्या घरातला नंबर ऐकून त्याला फसवल्यासारखं वाटतं. पुढचं सगळं मग ओघानं येतं. जिंकायचंच नव्हतं तर एवढ्या लांब गेलात कशाला? नव्वद किलोमीटर पळून मिळवलंत काय? गुडघ्यांची वाट लावून घेतलीत. डॉक्टर, बिल्डर, दुकानदार यांची ही हौस. आमची माणदेशातली पोरं अनवाणी पळतात, त्यांना कोण विचारतं?

असं बोलणारे दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ते आपले काका असतात, मेहुणे असतात, शाळेतले जुने सर असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. परक्यांच्या टीकेनं कुणी पळायचं थांबत नाही, घरातल्या टीकेनं थांबतं. या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर पळणाऱ्यांच्या संगतीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. उत्तम तयारी झालेली माणसं ऐन एप्रिलमध्ये सराव सोडताना मी पाहिली आहेत. पायाला काही झालेलं नव्हतं. घरात रोजची कटकट नको, एवढंच कारण होतं.

सुरुवात 'कितवा' पासूनच करतो, कारण बाकीच्या सगळ्या आक्षेपांचं मूळ तिथे आहे.

कॉम्रेड्स ज्यानं सुरू केली तो व्हिक क्लॅफम रेल्वेचं इंजिन चालवायचा. पहिल्या महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेत साधा शिपाई म्हणून लढला. जर्मनांच्या फौजेचा माग काढताना सुमारे २७०० किलोमीटर पायपीट झाली आणि बरोबरचे कितीतरी परत आले नाहीत. त्यांचं स्मारक म्हणून पीटरमॅरित्झबर्ग ते डरबन अशी पायी शर्यत व्हावी, असं त्याच्या मनानं घेतलं. माजी सैनिकांच्या संघटनेनं १९१८ साली त्याला नकार दिला. १९१९ आणि १९२० सालीही दिला. एवढं अंतर माणसाला झेपायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. क्लॅफमचा युक्तिवाद साधा होता. खुर्चीत बसून काम करणारी माणसं तुम्ही उचललीत, त्यांच्या हातात बंदूक आणि पाठीवर ओझं दिलंत, आणि अर्ध्या आफ्रिकेतून त्यांना चालवलंत. तेव्हा झेपेल का, असं कुणी विचारलं नव्हतं. मग सराव केलेल्या माणसाला हे अंतर का झेपू नये? अखेर २४ मे १९२१ रोजी ३४ जण पळाले आणि १६ जण पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला ८ तास ५९ मिनिटं लागली.

आज या शर्यतीत साडेसात ते नऊ तासांत येणाऱ्याला जे पदक मिळतं त्याला रोवनचं नाव आहे. अकरा ते बारा तासांच्या दरम्यान, म्हणजे अगदी अखेरच्या तासात जे कसेबसे पोहोचतात, त्यांच्या पदकाला खुद्द क्लॅफमचं नाव आहे. ज्यानं शर्यत जन्माला घातली त्याचं नाव तिथल्या लोकांनी शेवटून येणाऱ्यांना दिलं. हे ज्याला कळलं तो 'कितवा' असं विचारणार नाही, तो विचारेल, 'पोहोचलास का?'

नंबराचा हा हव्यास थोड्या वेळासाठी खरा मानून आपल्याच माणसांना लावून पाहा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवून ट्रॅककडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत पळाली होती, त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय महिला. त्या फेरीत तिचा क्रमांक दहावा. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी १९२० साली अँटवर्पला ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पुरी केली, ते एकोणिसावे आले. त्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला त्याच्या मुळाशीही हेच पळणं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि ही पोरं जगाच्या स्पर्धेत का नाहीत, असं त्यांना वाटलं. दहावी आणि एकोणिसावा या आकड्यांना पाहून नाक मुरडायची कुणाची छाती आहे?

आपल्या भागाला खेळाची परंपरा आहे, पण ती तालमीची परंपरा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकलं. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो आयुष्यभर राहील. पण त्याच परंपरेनं एक सवयही लावली. खेळ म्हणजे पोरांचा, आणि पोरांतही जो फड मारेल त्याचा. बाकीच्यांनी कडेला बसून फेटे उडवायचे. ज्या शेकडो मुलांनी त्याच लाल मातीत तितकाच घाम गाळला आणि ज्यांच्या हाती गदा आली नाही, ती तिशीला तालीम सोडतात. खुराक तोच राहतो, मेहनत थांबते. गावोगाव अशी माणसं आहेत. त्यांच्या शरीराची पुढे चाळीस वर्षं कुणी चौकशी करत नाही.

पोलीस भरतीच्या मुलांचंही तेच होतं. जिल्ह्याच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे गेलात तर ती सोळाशे मीटरची वेळ लावून पळताना दिसतील. भरती झाली की पळणं संपलं. वयाची अट उलटली तरी संपलं. आपल्याला पळण्याचा एकच उपयोग शिकवला गेला: त्यातून नोकरी किंवा पदक मिळालं तर ते खरं. पन्नाशीचा ग्रामसेवक, बँकेतली रोखपाल, दोन मुलांची आई यांच्यासाठी या व्यवस्थेत जागाच नव्हती. लांब पल्ल्याच्या शर्यतीनं ती जागा केली. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन सुरू झाली. २०१५ साली एकाच डोंगरावर २६१८ जण पळाल्याची गिनेस बुकात नोंद झाली. एकवीस किलोमीटर म्हणजे काही अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबची शर्यत, नव्हे, पण साताऱ्याच्या मध्यमवयीन माणसानं हाफ पँट घालून रस्त्यावर उतरायची लाज याच घाटात सोडली. पुढे बेचाळीस, पन्नास आणि नव्वदची वाट त्यातल्याच काहींनी धरली.

आता, 'मिळवलं काय?'

नव्वद किलोमीटरला बारा तास म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं. ऐकायला हे सोपं वाटतं. झपाझप चालणाऱ्याला एका किलोमीटरला दहा-अकरा मिनिटं लागतात, म्हणजे नुसतं चालून ही शर्यत होत नाही. वाटेत पाणी प्यायला थांबणं, लघवीला जाणं, बुटातला खडा काढणं, पेटका आलेली पोटरी चोळणं, सगळं त्या आठ मिनिटांत. रस्त्यात पाच नावाजलेले चढ आहेत आणि त्यांच्या अधेमधे बिननावाचे कितीतरी. ठरावीक टप्प्यांवर वेळेची फाटकं आहेत. तिथे उशीर झाला की बसमध्ये बसवतात. आणि बारा तास भरताना अंतिम रेषेवर एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. समोरून कोण येतंय हे त्याला दिसू नये म्हणून पाठ. घड्याळ भरलं की तो बंदुकीचा बार काढतो आणि रेषा बंद होते. दोन पावलांवर असलेल्यालाही पदक नाही.

मला ही निष्ठुरता मान्य आहे, नव्हे, मी तिच्या बाजूचा आहे. 'सगळ्यांनाच पदक वाटतात, त्याची किंमत काय?' असं म्हणणाऱ्यांनी तो बार एकदा ऐकावा. अर्ज भरला, विमानाचं तिकीट काढलं, टी-शर्ट घातला म्हणून इथे काही मिळत नाही. आधी कुठली तरी मॅरेथॉन ठरलेल्या वेळेच्या आत पुरी केल्याशिवाय उभंही राहू देत नाहीत. आपल्याकडे मात्र उशिरा आलेल्यालाही 'जाऊ द्या हो, एवढा लांबून आलाय' म्हणून पदक देण्याची चाल पडली आहे. त्यातली माया मला कळते. पण त्यानं जो अकरा तास अठ्ठावन्न मिनिटांत जीव काढून पोहोचला त्याची कमाई आपण खोटी करतो.

ही कमाई कशी होते तेही सांगायला हवं. कॉम्रेड्स बहुतेक जूनमध्ये असते, तिकडे तेव्हा थंडी. म्हणजे सरावाचा कस लागणारे महिने आपल्याकडे मार्च, एप्रिल, मे. सांगलीत तेव्हा सकाळी नऊलाच डांबर तापतं. सांगली सपाट, आयर्विन पुलाचा उंचवटा सोडला तर चढ म्हणावा असं काही नाही. म्हणून तिथली मंडळी दंडोबाच्या डोंगराकडे जातात, नाहीतर शनिवारी रात्रीच साताऱ्याला येऊन पहाटे तीनला समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरतात. अशाच एका लांबच्या सरावात मी पाणी-खाण्याच्या टेबलावर होतो. पन्नाशीची एक शिक्षिका घाट दुसऱ्यांदा चढून आली, कठड्यावर बसली आणि तिनं उजवा बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. त्यावर पाणी ओतून तो सोडवला, तर खाली अंगठ्याएवढा फोड. सुई स्पिरिटनं पुसून तिनं स्वतः फोडाला कडेनं भोक पाडलं, पाणी दाबून काढलं, वर पट्टी ताणून चिकटवली आणि कोरडा मोजा चढवला. उकडलेला बटाटा मिठात बुडवून खाल्ला, दुसरा मुठीत घेतला. "किती झाले?" मी विचारलं. "अडतीस. अजून बावीस," म्हणाली आणि उठली. पहिली वीसेक पावलं ती लंगडत गेली, मग चाल सरळ झाली. या बाईला 'मिळवलंत काय' असं विचारायचं असेल तर तिच्या डोळ्यांत बघून विचारा.

आणि बाई म्हणून तिला जे ऐकावं लागतं ते वेगळंच. अंधारात एकटी कुठे निघालीस? घरात कुणी नाही का? या वयात हे शोभतं का? कॉम्रेड्समध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५ साली मिळाला, ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ साली आली. त्याआधी जगभरच्या शहाण्यांचं मत असं होतं की बाईचं शरीर एवढं अंतर सोसणार नाही. त्यांनी हे कुठून काढलं हे त्यांनाच ठाऊक. फ्रान्सेस हेवर्ड नावाच्या बाईनं १९२३ सालीच प्रवेश नाकारला असताना कॉम्रेड्सचं पूर्ण अंतर काटलं होतं. आपल्या भागात तर ज्यांच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर हंडे घेऊन उभा जन्म टेकाडं चढली, त्यांच्याच लेकी-सुनांना झेपेल का म्हणून विचारलं जातं. काम म्हणून केलं तर झेपतं, स्वतःसाठी केलं की झेपत नाही, हा कुठला न्याय?

'ही परक्यांची शर्यत, तिचं कौतुक आपल्याला कशाला,' हेही मी ऐकलं आहे, आणि ते मला सर्वांत जास्त लागतं. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान मारले गेले. त्यांचं स्मारक गावात उभं आहे. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि उपाशी, आजारी शिपायांना कैदी म्हणून वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. असंख्य माणसं त्या वाटेवर पडली. त्याच युद्धातल्या साध्या शिपायांच्या आठवणीसाठी काढलेली शर्यत साताऱ्याच्या माणसाला परकी कशी?

ज्या दोन शहरांमध्ये ती होते त्यातल्या पीटरमॅरित्झबर्गच्या फलाटावर ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना पहिल्या वर्गाचं तिकीट असताना गाडीतून उतरवलं होतं. या शर्यतीचा स्वतःचा इतिहासही त्या अपमानापासून मुक्त नाही. १९७५ पर्यंत काळ्या आणि भारतीय वंशाच्या माणसांना तिथे अधिकृतपणे पळता येत नव्हतं. रॉबर्ट म्त्शाली १९३५ साली नोंदीशिवाय, नंबराशिवाय पळाला आणि साडेनऊ तासांच्या सुमारास पोहोचला. आज नऊ ते दहा तासांच्या पदकाला त्याचं नाव आहे. त्याच रस्त्यावर आता साताऱ्या-सांगलीचा माणूस छातीवर नंबर लावून, आपल्या देशाचं नाव लावून पळतो. याचं मोल ज्याला वाटत नाही त्यानं इतिहासाचं पुस्तक पुन्हा उघडावं.

गुडघ्यांबद्दल बोलतो. हा आक्षेप घेणारे बहुधा जिना चढायलाही लिफ्ट शोधतात, पण त्यानं आक्षेप खोटा ठरत नाही, म्हणून आकडे पाहू. गुडघा आणि खुबा यांच्या झिजेवरच्या संशोधनांचा एक मोठा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. हौशी धावपटूंत झिजेचं प्रमाण ३.५ टक्के आढळलं, न पळणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३.३ टक्के. पहिले दोन आकडे आक्षेप घेणाऱ्यांसाठी आहेत. तिसरा आमच्यासाठी आहे, आणि तो मी लपवणार नाही. दर महिन्याला एक अल्ट्रा, हाडांना विसावा नाही, दुखलं तर गोळी, असं चालवणारे काही आमच्यात आहेत. त्यांनी तो आकडा घरात लावून ठेवावा.

हृदयाचंही तसंच. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये भाग घेतलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंची पाहणी झाली. त्यांत हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना घडल्या, त्यातले ४२ जण दगावले. धोका नगण्य नाही, पण धावणं म्हणजे मरणाला बोलावणं, असं म्हणण्याजोगाही नाही. साताऱ्याच्या डोंगरानंही स्पर्धेच्या दिवशी एक तरुण धावपटू गमावला आहे. त्या घरावर काय कोसळलं याची कल्पना करवत नाही. अशा वेळी 'त्याची वेळ भरली होती' म्हणणारे जितके चुकतात, तितकेच 'बघा, सांगत होतो' म्हणणारे. चाळिशीनंतर लांबचं अंतर धरण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या, ताप असताना पळू नका, छातीत जड वाटलं तर त्या क्षणी थांबा, मग ते अंतर कितीही जवळ आलेलं असो. हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो.

एका धोक्याबद्दल मात्र टीकाकार कधीच बोलत नाहीत, कारण तो त्यांना माहीत नाही: पाणी जास्त पिण्याचा. दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५ साली कॉम्रेड्ससारख्या शर्यतींतल्या धावपटूंची उदाहरणं मांडून दाखवलं की तासन्‌तास नुसतं पाणी ढोसत गेलं तर रक्तातला सोडियम पातळ होतो, मेंदूला सूज येते, माणूस बेशुद्ध पडतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचा सोडियम घसरलेला निघाला. आपल्याकडे पाहुणचार मोठा. रस्त्याकडेची माणसं प्रेमानं ग्लास पुढे करतात, आणि नको म्हणणं धावपटूला उद्धटपणाचं वाटतं. तहान लागेल तेवढंच प्यावं आणि मीठ पोटात जाऊ द्यावं. खिशात वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं घेऊन पळणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, तापलेल्या, सुकलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर घाव घालतात.

पैशाचा मुद्दा खरा आहे. डरबनला जाऊन यायचं तर काही लाख उडतात, बूट महाग, आणि जाणाऱ्यांत डॉक्टर-व्यावसायिक जास्त, हे कुणीही पाहू शकतं. पण लग्नाच्या हॉलवर आणि गाडीच्या फॅन्सी नंबरवर तेवढेच लाख उडतात तेव्हा माणदेशातली पोरं कुणाला आठवत नाहीत. ती फक्त आम्हाला गप्प करायला आठवतात. ज्यांना ती खरंच आठवतात त्यांनी म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं मुला-मुलींच्या खेळासाठी उभं केलेलं काम जाऊन पाहावं. आमच्या धावणाऱ्या मंडळींकडूनही माझी अपेक्षा आहे: जिल्ह्यातल्या प्रत्येक स्पर्धेत दुष्काळी तालुक्यांतल्या शाळकरी मुलांना प्रवेश मोफत असावा, येण्याजाण्याची सोय असावी, आणि डरबनला जाऊन आलेल्यानं एका तरी मुलाचे वर्षभराचे बूट आणि खुराक पाहावा. काही जण हे न बोलता करतात. सगळ्यांनी केलं पाहिजे.

आमच्या बाजूनं बोलणाऱ्यांपैकी काहींनाही मला थांबवायचं आहे. टीका झाली की ते दोन ढाली पुढे करतात. 'आपली वारी म्हणजेच अल्ट्रामॅरेथॉन' ही एक. माउलींची पालखी नीरेला जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते. तिच्याबरोबर मीही चाललो आहे. तिथे घड्याळ नसतं, छातीवर नंबर नसतो, आणि मागे राहिलेल्याला बसमध्ये बसवून बाद करत नाहीत. वारकऱ्याला आपल्या वकिलीसाठी उभं करू नका, तो या खटल्यात नाही. दुसरी ढाल मावळ्यांच्या रक्ताची. रक्तानं घाट चढता येत नाही, आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर केल्यानं चढता येतो. आम्ही सराव करतो, वेळेत पोहोचतो आणि पुन्हा कामावर जातो, एवढी बाजू पुरेशी आहे. तिला उसन्या पुण्याईचा टेकू लागत नाही.

शेवटचं बोलणं टीकाकारांशी नाही, आमच्याच स्पर्धा भरवणाऱ्यांशी आहे, कारण टीकेला खरं खाद्य तेच पुरवतात. लांबच्या शर्यतीत मी पाहिलं आहे: पहिले दहा जण आले, पाहुणे व्यासपीठावर बसले, बक्षिसं सुरू झाली, आणि पंधरा-वीस किलोमीटर मागे टेबलं गुंडाळली गेली. मुदत संपायला दीड-दोन तास बाकी असताना मागची माणसं उन्हात कोरडी पळत होती. एका ठिकाणी घड्याळाची कमानच उतरवली होती, वेळेत आलेल्यांची नोंद वहीत अंदाजानं झाली. रस्ताही मोकळा ठेवत नाहीत. आमच्या भागात कारखान्यांच्या हंगामात पहाटे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय धावतात, आणि अशा रस्त्यावर अंधारात माणसांना पळायला सोडताना वळणावर साधा स्वयंसेवक नसतो. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत हवामान एकाएकी फिरलं आणि २१ धावपटू गारठून मेले. त्यात अनुभवी माणसं होती. सोडवायला माणसं वेळेत पोहोचली नाहीत.

ज्या दिवशी आयोजक मागच्याला विसरतो त्या दिवशी तोही 'कितवा' विचारणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. साताऱ्यात किंवा सांगलीत पुढची पन्नास किलोमीटरची शर्यत जाहीर करणाऱ्यांनी पत्रकावर प्रमुख पाहुण्यांचं नाव घालण्याआधी चार गोष्टी छापाव्यात: शेवटच्या टेबलावरचा माणूस किती वाजेपर्यंत उभा राहणार, रुग्णवाहिका कुठल्या किलोमीटरला थांबणार, अंधाऱ्या वळणांवर बत्ती घेऊन कोण असणार, आणि मुदत भरल्यावर घड्याळ कोण बंद करणार. बक्षीस समारंभ त्यानंतर ठेवावा.